टाकीत चुकीचं इंधन पडलं, तर नळीला तोंड कोणी लावायचं?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. अमरावतीहून अकोल्याला एका लग्नाला निघालो होतो. बडनेरा मागे टाकलं आणि महामार्गावरच्या एका पंपावर थांबलो. माझी गाडी डिझेलची, चांगली दहा-बारा वर्षं जुनी. मी फोनवर होतो. काच अर्धी खाली केली, "फुल कर" म्हणालो आणि पुन्हा फोनवर बोलू लागलो. पंपावरच्या पोराने गाडी फुल केली. पेट्रोलने.

पावती हातात आल्यावर चूक लक्षात आली. चावी फिरवणार इतक्यात तीन-चार जण एकदम ओरडले, "साहेब, सेल मारू नका!" पंपाचा मॅनेजर धावत आला. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला. दूधवाल्यानेही सल्ला दिला. सेल मारला की पेट्रोल इंजिनात जातं आणि लाखाचं काम निघतं, हे त्या पंपावर प्रत्येकाला ठाऊक होतं. गाडी ढकलून लांब निंबाच्या सावलीत नेली.

जवळच्या गावातून मेकॅनिक आला. सोबत विशीतला एक हेल्पर, दोन कॅन आणि प्लास्टिकची एक नळी. पोराने नळी टाकीत सोडली, दुसरं टोक तोंडात धरलं आणि ओढलं. पहिल्या वेळी काही आलं नाही. दुसऱ्या वेळी आलं ते थेट घशात. पोरगा ठसकला, थुंकला, डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याच बाटलीतल्या पाण्याने त्याने चूळ भरली.

मी विचारलं, "अरे, तोंडात गेलं का?"

"काई नाई होत साहेब, मले सवय हाय."

मी एमडी मेडिसिन आहे. पंचवीस वर्षांहून जास्त काळ छातीला स्टेथोस्कोप लावतो आहे. मी काय केलं? "सांभाळून रे" म्हणालो आणि फोनवर ओळखीच्या माणसाला विचारत राहिलो की इंजेक्टरला काही झालं नसेल ना.

रात्री साडेनऊला लग्नाच्या पंगतीत मेकॅनिकचा फोन आला. पोराला ताप भरला होता, खोकला थांबत नव्हता, छातीत दुखत होतं. संध्याकाळी कुणीतरी मिठाचं पाणी पाजून त्याला दोनदा उलटी करवली होती, "पेट्रोल निघून जाईल" म्हणून. अकोल्यात दवाखान्यात आणला तेव्हा ऑक्सिजन सॅच्युरेशन ८८ होतं. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसत होता. पाच दिवस तो ऑक्सिजनवर आणि सलाईनवर होता. वाचला. माझ्या गाडीला मात्र काहीही झालं नाही.

हा लेख त्या पाच दिवसांत डोक्यात तयार झाला. थोडा रागाने लिहिला आहे. त्यातला निम्मा राग माझ्यावर आहे.

सेल मारू नका, हे माणसालाही लागू आहे

डिझेलच्या गाडीत पेट्रोल पडलं तर सेल का मारायचा नाही? डिझेल थोडं तेलकट असतं. ते जळतं, पण त्याआधी हाय-प्रेशर पंपाला वंगणही देतं. पेट्रोलमध्ये तो गुण नाही. पंपातले धातूचे भाग एकमेकांवर घासतात, त्यांचा चुरा सुटतो आणि तो इंजेक्टरपर्यंत जातो. पेट्रोल नुसतं टाकीत पडून राहिलं तर नुकसान नाही. नुकसान होतं ते टाकीतून पुढे सरकल्यावर.

आता माणूस पाहा. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांचा एखादा घोट चुकून पोटात गेला, तर घसा जळतो, मळमळतं, ढेकरांना वास येतो, कधी जुलाब होतात. त्रासदायक आहे, पण एवढ्या कमी प्रमाणात पोटातून रक्तात फारसं शोषलं जात नाही. खरा धोका आहे श्वासनळीत. म्हणजे पोट ही टाकी आणि फुप्फुस हे इंजिन. टाकीतलं इंजिनात जाऊ द्यायचं नाही, हा नियम दोन्हीकडे एकच.

आणि आपण काय करतो? गाडीला हात लावू देत नाही. माणसाला मात्र मिठाचं पाणी पाजतो, घशात बोटं घालतो, उलटी करवतो. म्हणजे जे खाली गेलं होतं ते पुन्हा वर आणतो, अगदी श्वासनळीच्या दारापाशी. एकदा ठसका लागून जे थेंब आत गेले होते, त्यांच्या मागोमाग आणखी पाठवतो. उलटी करवणं म्हणजे माणसाचा सेल मारणं आहे.

पंपावर तीन-चार जण ओरडले ते गाडीसाठी. पोरासाठी कुणी ओरडलं नाही. मीही नाही.

फुप्फुसात नेमकं काय होतं?

पेट्रोल पाण्याहूनही पातळ असतं. एक थेंब फरशीवर टाका, कसा झरझर पसरतो पाहा. श्वासनळीतही तेच होतं. मध असता तर घशातच चिकटून राहिला असता. पेट्रोल पार शेवटच्या फांदीपर्यंत पोचतं.

त्या फांद्यांच्या टोकाला वायुकोश असतात, म्हणजे हवेचे बारीक फुगे. इथेच ऑक्सिजन रक्तात जातो. हे फुगे मिटू नयेत म्हणून त्यांच्या आतून सर्फॅक्टंट नावाचा एक अतिपातळ थर असतो. पेट्रोल हा थर विरघळवतं. फुगे मिटतात, त्यांच्या भिंती सुजतात, आत पाणी साचतं. याला आम्ही केमिकल न्यूमोनायटिस म्हणतो. हा जंतूंचा न्यूमोनिया नाही, रसायनाने भाजलेलं फुप्फुस आहे. म्हणूनच पहिल्याच दिवशी "एक अँटिबायोटिकची सुई लावून द्या" असा आग्रह धरण्यात अर्थ नसतो. मारायला तिथे जंतूच नसतात. गरज असते ती ऑक्सिजनची, देखरेखीची आणि वेळेची. जंतूंची लागण नंतर झालीच, तर तेव्हा अँटिबायोटिक.

यासाठी किती पेट्रोल लागतं? पोह्याच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावतं. फुप्फुसात गेलेलं एक मिलिलिटरहून कमी पेट्रोलही गंभीर सूज आणू शकतं.

तोंडाने नळी ओढणं ही तर पेट्रोल फुप्फुसात घालण्याची पद्धतच म्हणा. ओढणं म्हणजे हवा आत घेणं. छाती आतल्या दिशेने खेचत असते, स्वरयंत्र उघडं असतं, आणि त्याच क्षणी नळीतली हवा संपून पेट्रोल येतं. गिळायचं की थुंकायचं हे ठरवायला वेळच नसतो. जगभरच्या डॉक्टरांनी डिझेल ओढणाऱ्यांचा असा न्यूमोनिया नोंदवला आहे. तोंडातून आगीचे लोळ काढणाऱ्या कसरतपटूंनाही हाच आजार होतो.

यातली सर्वांत फसवी गोष्ट वेळेची आहे. ठसका लागतो, दोन मिनिटांत थांबतो, माणूस हसून कामाला लागतो. पहिल्या तासाचा एक्स-रे साफ येऊ शकतो. ताप, धाप, छातीतलं दुखणं काही तासांनी वाढतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं. "तेव्हा तर चांगला होता हो" हे वाक्य नातेवाईक म्हणूनच इतक्या वेळा म्हणतात. दुपारी दोनला चांगला असलेला पोरगा रात्री साडेनऊला ८८ वर होता.

"पण डॉक्टर..."

हे बोलायला लागलो की चार उत्तरं ठरलेली येतात. एकेक घेऊ.

"आम्ही वर्षानुवर्षं ओढतो, काही झालं नाही." हेल्मेट न घालणाराही हेच म्हणतो. सवय हाताला लागते, जिभेला लागते. वायुकोशांना पेट्रोलची सवय लागत नाही. शिवाय काही झालं नाही हे तुम्हाला कसं कळलं? पेट्रोलमध्ये बेंझिन असतं. आपल्याकडच्या मानकानुसार त्याचं प्रमाण जास्तीत जास्त १ टक्का. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो हे वैद्यकशास्त्रात पक्कं ठरलेलं आहे. ते वाफेतूनही शरीरात जातं. एकदाच्या घोटाने कर्करोग होईल असं मी म्हणत नाही. रोज नळी ओढणाऱ्याने मात्र "काही होत नाही" म्हणू नये.

"थुंकून टाकलं, गिळलं नाही." गिळलं नाही म्हणून सुटलात असं नाही. पोटापेक्षा छाती नाजूक आहे. ठसका लागला असेल तर थेंब श्वासनळीत गेला असं समजून चाला.

"वरून दूध, तूप, केळं खाल्लं की उतरतं." उतरत नाही. दूध-तूप पेट्रोलवर उतारा नाही. भरल्या पोटाने उलटी होण्याची शक्यता वाढते, एवढाच त्याचा उपयोग. लिंबू नको, मीठ नको, ताक नको.

"दुसरा उपाय काय मग? गाडी रस्त्यावर उभी असते." या उत्तराचा मला सर्वांत जास्त राग येतो. हाताने दाबायचा इंधन काढण्याचा पंप शे-दोनशे रुपयांत मिळतो. अनेक गाड्यांत मागच्या सीटखालचं झाकण उघडून, टाकीतल्याच मोटरने इंधन बाहेर काढता येतं. अनेक नव्या गाड्यांत तर टाकीच्या गळ्यातून नळी आत जातच नाही. तिथे तोंड लावून काही उपयोगही नाही.

आपण कोणत्या रस्त्यावर उभे होतो तेही आठवा. याच अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विश्वविक्रम झाला. आपल्याला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. ज्या रस्त्यावर यंत्रांनी असा विक्रम केला, त्याच रस्त्याच्या कडेला टाकी रिकामी करायला शंभर रुपयांचं यंत्र मिळत नाही. तिथे एका पोराचं तोंड वापरलं जातं, कारण तोंड फुकट मिळतं.

बातमी कशाची होते?

जून २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात, रतलामला, मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या बंद पडल्या. डिझेलमध्ये पाणी होतं. देशभर बातमी झाली, पंप सील झाला. योग्यच झालं. हल्ली ओपीडीत लोक बीपी दाखवून झाल्यावर मला विचारतात, "डॉक्टर, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घालतात, माझ्या गाडीच्या रबराला काही होणार नाही ना?" गाडीच्या रबरी नळीची एवढी काळजी करणारे आपण. दुसऱ्याच्या श्वासनळीबद्दल हा प्रश्न मला अजून एकाही पेशंटने विचारलेला नाही.

माझ्या प्रकरणात पंपाने माझी माफी मागितली आणि टाकी साफ करण्याचा खर्च दिला. माझं नुकसान भरून निघालं. पोराच्या पाच दिवसांच्या मजुरीबद्दल पंपाने विचारलं नाही, मेकॅनिकने विचारलं नाही. दवाखान्याचं बिल मी भरलं, पण ते उपकार म्हणून सांगत नाही. फोनवर बोलत "फुल कर" म्हणणारा मीच होतो.

महिन्याभराने हातपंप विकत घेऊन त्या गॅरेजवर दिला. दोन महिन्यांनी पुन्हा तिथून जाताना थांबलो. पंप खिळ्याला टांगलेला होता, कागदी पुठ्ठ्यासकट. पोरगा ओशाळून म्हणाला, "टाइम लागते साहेब त्याले. गिऱ्हाईक घाई करते."

गिऱ्हाईक म्हणजे कोण? तुम्ही आणि मी.

बाटलीतलं पेट्रोल

याच विषयाची दुसरी बाजू घरात आहे. मी शिकत होतो तेव्हा उन्हाळ्यात रॉकेल प्यायलेली लहान मुलं वॉर्डात यायची. तहान लागलेली, बाटली हाताशी, बाटलीत पाण्यासारखं काहीतरी. घरोघरी गॅस आला, रॉकेल कमी झालं. पण बाटली गेली नाही. आता तिच्यात पेट्रोल असतं, फवारणी पंपासाठी, गवत कापायच्या मशीनसाठी, गाडीसाठी "असू द्यावं" म्हणून. बाटली पाण्याची किंवा थंड पेयाची, लेबलसकट. अकोल्यात पारा ४५ च्या वर गेलेला असताना दोन-तीन वर्षांचं लेकरू लेबल वाचत बसत नाही. मोठा माणूसही अंधारात तीच बाटली तोंडाला लावतो.

मूल दचकतं, ठसका लागतो, आणि पुढचं सगळं वर सांगितलं तसंच. फरक एवढाच की त्याचं फुप्फुस लहान असतं आणि छातीत दुखतंय हे त्याला सांगता येत नाही. पेट्रोल घरात ठेवूच नका. शेतीच्या कामासाठी ठेवावंच लागलं तर धातूच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, घराबाहेर, कुलपात. खाण्यापिण्याच्या भांड्यात कधीच नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जाते. आपल्या मे महिन्यात स्वयंपाकघराजवळ ती बाटली ठेवणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय?

पंपावर:
१. गाडीतून उतरा. फोन बंद. इंधनाचं नाव घ्या: "डिझेल" किंवा "पेट्रोल". नुसतं "फुल कर" नाही.
२. शून्य पाहता तसं मशीनवर इंधनाचं नावही पाहा. टाकीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत इंधनाचं नाव चिकटवा.
३. चूक झालीच तर सेल मारू नका. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घ्या.
४. मेकॅनिकला फोनवरच सांगा: "पंप घेऊन ये. तोंड लावून काढायचं नाही. वेळ लागला तरी मी थांबतो."

कुणाच्या तोंडात गेलंच तर:
१. उलटी करवू नका. काही पाजू नका. चूळ भरून थुंकायला हरकत नाही.
२. पेट्रोल सांडलेले कपडे काढा, त्वचा साबण-पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं असेल तर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा.
३. बसवून ठेवा. आपोआप उलटी आली तर पुढे वाकवा, झोपलेला असेल तर कुशीवर वळवा. जवळ विडी-सिगारेट नको, काडी नको.
४. ठसका, खोकला, धाप, घरघर, ताप, गुंगी, यातलं एकही असेल तर त्याच तासाला दवाखाना. १०८ ला फोन करा. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय चोवीस तास उघडं असतं.
५. त्रास वाटत नसला तरी डॉक्टरला दाखवा. सहा ते आठ तास नजरेखाली राहणं गरजेचं आहे. लहान मुलाच्या बाबतीत तर वाट पाहूच नका.
६. बाटली किंवा डबा सोबत न्या, आणि खरं सांगा. नुसतं पेट्रोल की त्यात कीटकनाशक मिसळलेलं? चुकून गेलं की मुद्दाम घेतलं? किती घेतलं? कपाशीच्या या पट्ट्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण फवारणीच्या औषधाचे उपचार पूर्ण वेगळे असतात. पोट धुवायचं की नाही हे डॉक्टर त्यावरून ठरवतात. लाजेने किंवा पोलिसांच्या भीतीने लपवलेली माहिती जीव घेते.

दवाखान्यातही "पोट धुऊन टाका ना डॉक्टर" म्हणून हट्ट करू नका. नुसत्या पेट्रोल-रॉकेलच्या घोटासाठी पोट सहसा धुवत नाहीत. कारण तेच, टाकीतलं इंजिनाकडे नेऊ नये.

शेवटी

पंपमालकांना माझी मागणी साधी आहे. चूक माणसाकडून होणार, पंपावर रोज शेकडो गाड्या येतात. हवा भरायचं यंत्र ठेवता, तसा इंधन काढायचा एक हातपंप ठेवा. गॅरेजवाल्यांनी नियम करावा: आमच्याकडे नळीला तोंड लावत नाहीत. पोराने लावलं तर त्याला रागवा, जसं सेल मारणाऱ्या गिऱ्हाइकाला रागावता.

आणि तुमच्याकडे, वाचकहो, एकच मागणी. पुढच्या वेळी रस्त्याच्या कडेला कुणी टाकीत नळी सोडून वाकलेला दिसला, गाडी तुमची असो वा दुसऱ्याची, तर मी त्या दिवशी जे केलं नाही ते करा. ओरडा. सेल मारताना ओरडता तेवढ्याच मोठ्याने ओरडा.

इंजेक्टर बाजारात मिळतात, महाग असले तरी बदलता येतात. त्या पोराच्या उजव्या फुप्फुसाचा सुटा भाग अकोल्याच्या कुठल्याही दुकानात मिळाला नसता.

हा लेख आवडला असेल तर मला कळवलं नाही तरी चालेल. तुमच्या मेकॅनिकला मात्र नक्की पाठवा. तो वाचत नसेल तर वाचून दाखवा.